मुशीतून सुटलेली चांदी

नाणे म्हटले की गोल, अशी आपली खूणगाठ. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी कोकणच्या बंदरांत चालणारे एक चांदीचे नाणे चक्क केसांच्या आकड्यासारखे होते. त्याचे नाव लारी. चांदीची तार मधोमध दुमडायची, ठोकून जराशी चपटी करायची आणि दोन्ही बाजूंनी ठसा मारायचा. वजन पाच ग्रॅमच्या आतबाहेर. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या लाऱ्यांवर त्याचे नाव असते. काहींवर हिजरी १०७१, म्हणजे इ. स. १६६०-६१ हे सालही सापडते. आणि खरी नवलाई पुढेच आहे. ठसा रुंद, तार अरुंद. म्हणून एका लारीवर अख्खा मजकूर मावतच नाही. एकीवर नावाचा तुकडा, दुसरीवर सालाचा आकडा. अनेक लाऱ्या शेजारी शेजारी मांडाव्यात, तेव्हा मजकूर जुळतो.

रोह्याच्या काठाने वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथेच रेवदंडा आणि चौल. कोकणात चांदीची खाण नाही. इथली चांदी अशा बंदरांतून आली. इथून कापड आणि मसाले जात, इराणी आखातातून चांदी येई. लारीचे नावही इराणातल्या लार शहरावरून पडले. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोसीची खाण सापडल्यावर तिथली चांदी युरोपमार्गे पूर्वेकडे वाहू लागली. तेव्हा कोकणातल्या एखाद्या लारीने अर्धी पृथ्वी ओलांडलेली असू शकते!

मग एवढी चांदी गेली कुठे? मुशीत. लारी आटली आणि तोडे झाले, तोडे मोडीत निघाले आणि वाळे झाले, वाळे आटून ताट-वाटी झाली. चांदी संपत नाही, तिचे रूप मात्र दर पिढीला पुसले जाते. म्हणूनच जुनी चांदी दुर्मीळ होते ती धातूच्या टंचाईने नव्हे, तर आटण्यातून सुटण्याच्या योगायोगाने.

हे फक्त मध्ययुगातच घडले असे नाही. १९४० मध्ये रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली आणि पुढच्या तीन वर्षांत जुने चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले गेले. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, तेव्हा रुपया अर्धाच चांदीचा होता. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४७ मध्ये, तो निकेलचा झाला. या उलथापालथीतून १९३९ सालचे रुपये फारच थोडे वाचले. एका रुपयाचे ते नाणे आज लिलावात लाखांच्या घरात जाते. त्यात चांदी मात्र जेमतेम तोळाभर!

लिलावात बोली लावणारा म्हणूनच आधी काटा पाहत नाही. ठसा, झीज आणि रंग पाहतो. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर काळसर थर चढतो. पेणमध्ये गणपतीच्या आधी घरोघर निरांजने आणि तबके लख्ख होतात. पूजेसाठी ते योग्यच. पण दर घासणीला त्या थराबरोबर थोडी चांदीही जाते आणि नक्षीची धार बोथट होते. जाणकार संग्राहक जुने नाणे घासत नाही.

कायद्याचेही भान हवे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी विकायला नेता येत नाही.

घरात आजीचे चांदीचे डबोले असेल, तर सराफाच्या काट्यावर ठेवण्याआधी प्रत्येक वस्तू उलटून पाहा. तळाशी कुणाचे नाव, साल किंवा ठसा असेल, तर ती एखाद्या नाणकशास्त्राच्या किंवा जुन्या वस्तूंच्या अभ्यासकाला दाखवा. एकदा आटली की तिची हकीकत कुठल्याही लिलावात परत मिळत नाही.