जुना संगणक : सुरू होण्यास लागणारा विलंब आणि त्यावरील उपाय

सकाळी दहाच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नमुना ८ चा उतारा मागावयास आलेल्या ग्रामस्थाला पुष्कळ ठिकाणी पहिले उत्तर मिळते ते असे की, थोडे थांबावे, संगणक अजून सुरू व्हावयाचा आहे. पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहते आणि बाहेरच्या बाकावरील माणसे वाढत जातात. शाळेच्या संगणक कक्षात हीच गोष्ट अधिक बोचते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील सात-आठ मिनिटे यंत्र जागे होण्याची वाट पाहण्यात गेली, तर एका संगणकापुढे तिघे-चौघे बसणाऱ्या मुलांच्या वाट्यास प्रत्यक्ष हाताळणी ती किती येणार? रोज सहा मिनिटे घेणारा एक संगणक वर्षातील अडीचशे कामकाजाच्या दिवसांत पंचवीस तास केवळ सुरू होण्यात घालवितो.

शाळांमध्ये संगणक नेणारी केंद्र शासनाची माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. राज्यातील ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाचा 'संग्राम' प्रकल्प २०११ चा. तेव्हापासून निरनिराळ्या टप्प्यांवर मिळालेली यंत्रे आज वयाने वाढली आहेत आणि 'यंत्र म्हातारे झाले, नवे मागवा' हा अभिप्राय सर्वत्र ऐकू येतो. हा अभिप्राय नेहमीच बरोबर असतो असे नाही. संगणकातील गणन करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, हा बैलासारखा वयोमानाने थकत नाही. पंख्यात धूळ साचून तो तापू लागला तर स्वतःचा वेग कमी करतो, ही गोष्ट खरी. पण धूळ झटकली की तो पूर्ववत होतो. विलंबाचे मूळ बहुधा दुसरीकडे असते.

बटण दाबल्यावर काय घडते

वीज मिळताक्षणी संगणकाला काहीच ठाऊक नसते. कोणता प्रोग्राम चालवावयाचा हे सांगणारा प्रोग्राम आधी त्याच्या स्मृतीत यावा लागतो आणि तो आणावा कसा, हाच प्रश्न असतो. १९७५ मधील 'अल्टेअर ८८००' या यंत्राच्या मालकाला दर्शनी भागावरील खटके एकेक करून वरखाली करीत हा प्रारंभीचा मजकूर स्वहस्ते भरावा लागे. पुढे हे काम मुख्य पाटीवरील एका कायम स्मृतीच्या चकतीकडे सोपविण्यात आले. आजही बटण दाबल्यावर प्रथम तीच जागी होते, कळफलक, स्मृती व डिस्क यांची हजेरी घेते आणि मग हार्ड डिस्कवरून विंडोजसारखी कार्यप्रणाली स्मृतीत आणण्यास आरंभ करते. कार्यप्रणालीचा गाभा, मग तिच्या पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा, मग वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द, आणि शेवटी आपोआप सुरू होणारे इतर प्रोग्राम, असा हा क्रम असतो. या क्रमातील बहुतेक पायऱ्यांवर एकच काम चालते, ते म्हणजे डिस्कवरील लहानमोठ्या फाइली शोधून वाचणे.

विलंब नेमका येथेच होतो. जुन्या संगणकातील हार्ड डिस्क म्हणजे प्रत्यक्ष फिरणारी तबकडी होय. ती मिनिटास ७,२०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो मजकूर वाचक टोकाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद जातात. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकावे लागते. त्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद धरावेत. एकूण झाले तेरा. तेरा मिलिसेकंद म्हणजे माणसाच्या पापणीलाही कळणार नाही इतका काळ. पण दोन गिगाहर्ट्‌झचा सामान्य प्रोसेसर तेवढ्या वेळात आपली २ कोटी ६० लाख आवर्तने पुरी करतो. तबकडीवर विखुरलेल्या अशा दहा हजार तुकड्यांचे वाचन करावयाचे झाले, तर १३० सेकंद केवळ टोक सरकविण्यात व तबकडी फिरण्याची वाट पाहण्यात जातात आणि तो सगळा वेळ प्रोसेसर हात बांधून बसलेला असतो. जुन्या दप्तरखान्यात एकच शिपाई असावा आणि प्रत्येक कागदासाठी त्याला वेगळ्या फडताळावरचा वेगळा रुमाल सोडावा लागावा, त्यातला हा प्रकार. मागणाऱ्या अधिकाऱ्याची बुद्धी कितीही तल्लख असली तरी तिचा तेथे उपयोग होत नाही.

'सॉलिड स्टेट ड्राइव्ह', म्हणजेच एस.एस.डी., या नव्या प्रकारच्या साठवण साधनात फिरणारा भागच नसतो. एका तुकड्याचे वाचन तेथे साधारणपणे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होते. वरील दहा हजार वाचनांना मग एखादा सेकंद पुरतो.

आधी निदान

खर्चाचा प्रस्ताव करण्यापूर्वी एक दिवस घड्याळ घेऊन बसणे चांगले. बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत किती वेळ गेला, चिन्हापासून परवलीचा शब्द विचारला जाईपर्यंत किती, आणि त्यानंतर प्रत्यक्ष काम करता येईपर्यंत किती, हे तीन आकडे कागदावर मांडावेत. उशीर पहिल्या टप्प्यात होत असेल, तर दोष कार्यप्रणालीचा नव्हे. विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कवरून सुरू होण्याचा चुकीने वर ठेवलेला पर्याय, एवढेच त्याचे कारण असू शकते. संगणक तेथे डोकावतो, काही मिळत नाही असे पाहून मग डिस्ककडे वळतो. उशीर तिसऱ्या टप्प्यात असेल, तर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची गर्दी झाली आहे असे समजावे.

या मोजणीस यंत्राचीही साक्ष मिळते. विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदवहीत 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स' नावाचा विभाग आहे. त्यातील १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्यास लागलेला काळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. १०१ क्रमांकाच्या नोंदीत नेहमीपेक्षा अधिक वेळ घेणाऱ्या प्रोग्रामचे नाव असते. ही नोंदवही फारसे कोणी उघडत नाही. उपाय करण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा तेथून टिपून ठेवला, तर दुरुस्ती करणाऱ्याच्या 'आता फास्ट झाला' या शब्दावर विसंबण्याचे कारण उरत नाही.

ज्यांना खर्च नाही असे उपाय

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत तेथेच 'स्टार्टअप' हा भाग असून प्रत्येक प्रोग्रामचा भार अल्प, मध्यम की अधिक, हेही त्यात दर्शविलेले असते. विंडोज ७ मध्ये हीच यादी 'एम.एस.कॉन्फिग' या आज्ञेने मिळते. केव्हातरी जोडलेल्या व आता कार्यालयात नसलेल्या प्रिंटरचा साहाय्यक, गाणी वाजविणारे, संदेश पाठविणारे व स्वतःच्या नव्या आवृत्त्या शोधणारे प्रोग्राम अशी मंडळी या यादीत ठाण मांडून बसलेली आढळतात. त्यांना 'डिसेबल' केल्याने ते नष्ट होत नाहीत; गरज पडेल तेव्हा हाताने सुरू करता येतात. विषाणुरोधक प्रोग्राम व डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाचा प्रोग्राम यांना मात्र हात लावू नये. मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रामचा विचार वेगळा. इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकलेखन करणाऱ्यास विंडोजमधील मराठी कळफलकच पुरतो, त्यासाठी दुसरा प्रोग्राम रोज सकाळी जागा करण्याचे कारण नाही. जुन्या टंकयंत्राच्या धर्तीचा कळफलक ज्यांच्या बोटांत बसला आहे, त्यांच्याकडील सोय काढून घेऊ नये.

दोन विषाणुरोधक एकाच यंत्रावर असल्यास एक काढावा. दोघेही प्रत्येक फाइल तपासू लागतात आणि दुप्पट सुरक्षा मिळण्याऐवजी दुप्पट खोळंबा होतो.

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. ती चालू असता, संगणक बंद करताना कार्यप्रणालीच्या गाभ्याचे चित्र डिस्कवर लिहून ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी सगळी जुळवाजुळव नव्याने न करता तेच चित्र परत वाचले जाते. 'कंट्रोल पॅनेल'मधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये ती पाहावयास मिळते. जुन्या तबकडीच्या यंत्रास तिचा लाभ विशेष होतो. 'शट डाउन' केले तरच ही सोय लागू पडते. 'रिस्टार्ट' केल्यास संगणक पूर्णपणे नव्याने सुरू होतो. म्हणून एखादा प्रोग्राम अडून बसला असेल, तर बंद करून चालू करण्यापेक्षा 'रिस्टार्ट' हाच खरा उपाय ठरतो. आणि सायंकाळी घाईने भिंतीवरील मुख्य खटका बंद करणाऱ्यांना तर या सोयीचा काहीच फायदा मिळत नाही. उलट सकाळी डिस्कची तपासणी सुरू होऊन विलंब वाढण्याचा संभव असतो. वीजपुरवठा अनियमित असलेल्या गावी यू.पी.एस.ची बॅटरी ठीक ठेवणे हाही, या दृष्टीने पाहता, संगणक लवकर सुरू करण्याचाच एक उपाय आहे.

एक किरकोळ वाटणारी बाब येथे सांगितली पाहिजे. मुख्य पाटीवर 'सी.आर. २०३२' या क्रमांकाची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की संगणक रोज आपली तारीख व मांडणी विसरतो, सुरू होताना एफ-१ कळ दाबावयास सांगून अडून राहतो आणि पुढे शासकीय संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण यंत्राच्या लेखी साल भलतेच असल्याने त्या स्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे त्याला अवैध भासतात. दोष इंटरनेटचा समजून तक्रारी होतात आणि खरे कारण त्या लहानशा बॅटरीत दडलेले असते.

'संगणक दसपट वेगवान करा' अशा जाहिराती करणारे फुकट प्रोग्राम मात्र टाळलेले बरे. ते स्वतःच आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसतात आणि कित्येकदा नको त्या नोंदी पुसून टाकतात.

डिस्क बदलताना

इतके करूनही तिन्ही आकडे फारसे खाली आले नाहीत, तर फिरती तबकडी काढून एस.एस.डी. बसविणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. नव्या संगणकाच्या मानाने त्याचा खर्च थोडा असतो. कार्यालयीन कामास २४० किंवा २५६ गिगाबाइटची एस.एस.डी. बहुधा पुरते. २००३ पासून प्रचारात आलेली 'साटा' जोडणी ज्या यंत्रात आहे, त्यात ती बसते. जोडणी जुन्या पिढीची असल्यास मोठ्या फाइली वाचण्याचा वेग मर्यादित राहतो, पण सुरू होताना जी विखुरलेली वाचने होतात त्यांचा लाभ जवळजवळ पुरा मिळतो. रॅम दोन गिगाबाइट असल्यास तीही वाढवावी, कारण रॅम अपुरी पडली की संगणक डिस्कचाच उसना वापर करू लागतो आणि पुन्हा तबकडीच्या फेऱ्यात सापडतो. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास ते उघडण्यापूर्वी पुरवठादारास विचारावे. बदललेल्या भागाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत घ्यावी.

या सर्वांच्या आधी करावयाचे काम म्हणजे प्रत काढणे. हळू चालणारी डिस्क ही कधीकधी मरणपंथास लागलेली डिस्क असते. खराब झालेला भाग ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते, म्हणून उशीर होतो. आतून टकटक असा आवाज येऊ लागला असेल, तर वेग वाढविण्याचा विचार बाजूस ठेवून करआकारणीच्या याद्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे निकाल, जे काही केवळ त्याच यंत्रावर आहे ते त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्यावे. गेलेले उतारे पुन्हा तयार करण्यास जे महिने लागतात, त्यापुढे रोजची सहा मिनिटे काहीच नव्हेत.

दुरुस्तीस मर्यादा कोठे

विंडोज ७ साठीची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० साठीची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज १० साठी संस्थांना पुढे जास्तीत जास्त तीन वर्षे पैसे भरून दुरुस्ती घेता येते. विंडोज ११ ला चार गिगाबाइट रॅम आणि 'टी.पी.एम. २.०' ही सुरक्षा सोय लागते. २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत. अशा यंत्राला एस.एस.डी. बसविली तर ते झटकन सुरू होईल, पण नागरिकांची माहिती हाताळण्यास सुरक्षित राहणार नाही. तेथे लिनक्सचा मार्ग खुला असतो. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली तयार केली आहे, आणि केरळ राज्यातील शाळांमधून लिनक्सचा वापर बऱ्याच वर्षांपासून होत आला आहे. शाळेच्या संगणक कक्षास हा मार्ग सोयीचा. पंचायतीने मात्र स्वाक्षरीचे टोकन व बोटांचे ठसे घेणारे उपकरण लिनक्सवर चालते की नाही, हे एका यंत्रावर पडताळून मगच पुढे जावे.

जे यंत्र कोणत्याच मार्गाने उपयोगी ठरत नाही, ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हवे, भंगारवाल्याकडे नव्हे. त्यातील जुनी तबकडी आधी काढून घ्यावी. फाइली 'डिलीट' केल्याने त्यावरील मजकूर पुसला जात नाही, यासाठी तिच्यावर पूर्णपणे नव्याने लेखन करणारा प्रोग्राम चालवावा, आणि तबकडी बंद पडलेली असल्यास ती छिद्रे पाडून निकामी करावी व तशी नोंद ठेवावी.