कोयत्याचा घाव, तुटलेली नस आणि स्टेम सेल

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परत आल्यावर त्यातली काही माणसं सरकारी दवाखान्यात हात दाखवायला येतात. बहुतेक वेळा डावा हात, कारण डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्याने कोयता चालवायचा. मनगटावरची जखम भरलेली असते, पण करंगळी बधिर असते आणि बोटं फाकवता येत नाहीत. अलीकडे त्यासोबत एक प्रश्न येतो : ‘‘डॉक्टर, स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं की नस पुन्हा येते म्हणतात. अर्धा एकर काढू का?’’

विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही.

आधी शब्दाचा घोळ. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. रक्तवाहिनी तुटली तर रक्त दिसतं, त्यामुळे ती कुणाच्या नजरेतून सुटत नाही. मज्जातंतू तुटला तर नुसता बधिरपणा येतो. गडबडीत कातडी शिवली जाते आणि आतली तार तुटलेलीच राहते.

हातापायांतला मज्जातंतू स्वतःहून वाढू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्याच्या पेशीचं मूळ पाठीच्या कण्यात किंवा कण्यालगत असतं आणि तिथून निघालेला धागा थेट बोटापर्यंत जातो. धागा कापला की पुढचा तुकडा मरतो. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1850 मध्ये बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून हे दाखवलं. पण मूळ जिवंत असेल तर वरच्या टोकाला फुटवे येतात. ऊस तुटल्यावर बुडख्यातून खोडवा फुटतो, तसंच काहीसं. या फुटव्यांना वाट दाखवतात श्वान पेशी. त्या मेलेला कचरा साफ करतात, रांगेत उभ्या राहतात आणि वाढीला लागणारी रसायनं सोडतात. दोन टोकं दूर सरकली असतील तर फुटवे भरकटतात आणि तिथेच त्यांची दुखरी गाठ होते.

वेग किती? दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. कोपराजवळ तुटलेल्या मज्जातंतूला तळहातातल्या स्नायूपर्यंत साधारण 30 सेंटिमीटर जायचं असतं, म्हणजे 300 दिवस. स्नायू वर्ष-दीड वर्ष वाट पाहतो, मग वाळून जातो. सगळा हिशेब हा इतका काठावरचा आहे.

स्टेम सेलवरचं संशोधन याच अडचणीभोवती चाललं आहे. अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या या मूलपेशी मज्जातंतूच्या दोन टोकांमधल्या बारीक नळीत ठेवतात. त्या स्वतः नवी नस बनतात असा समज आहे, पण मुख्यतः त्या मदतनीसाचं काम करतात : श्वान पेशींसारखी रसायनं सोडतात आणि दाह कमी करतात. उंदरांमध्ये याचे चांगले परिणाम दिसले आहेत. पण उंदराच्या पायातलं अंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं असतं, माणसाच्या हातातलं त्याच्या कितीतरी पट. माणसांवरचे प्रयोग अजून थोडे आणि लहान आहेत.

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं दुखणं आणखी अवघड, कारण तिथे फुटवे पुढे सरकूच दिले जात नाहीत. जपानच्या केयो विद्यापीठाने चार रुग्णांच्या मज्जारज्जूत प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी सोडल्या आणि 2025 मध्ये निष्कर्ष सांगितले. दोघांच्या हालचालीत सुधारणा दिसली. आशा वाटावी अशी ही बातमी आहे, पण चार रुग्णांवरून उपचार ठरत नाही. उलट बाजूही पाहा. पोर्तुगालमध्ये नाकातल्या अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत बसवलेल्या एका महिलेच्या कण्यात आठ वर्षांनी नाकासारख्याच पेशींची गाठ वाढली आणि ती शस्त्रक्रियेने काढावी लागली.

आपल्याकडचा नियम स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नेहमीचा उपचार म्हणून मान्यता फक्त रक्ताच्या आजारांतल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला आहे. मज्जातंतूंसाठी स्टेम सेल वापरायचे तर मंजुरी असलेल्या आणि नोंदणी झालेल्या चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून कुणी लाखांचा आकडा सांगितला तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. संभाषण बहुधा तिथेच संपतं.

माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. इंजेक्शनसाठी पैसे जमवण्यात सहा-आठ महिने जातात आणि तेवढ्यात साध्या शस्त्रक्रियेची वेळ टळते. स्वच्छ कापलेला मज्जातंतू पहिल्या काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडता येतो. मध्ये अंतर पडलं असेल तर पिंडरीतली एक स्पर्शाची नस काढून तिथे बसवतात. त्या बदल्यात पावलाची बाहेरची कड थोडी बधिर राहते. प्लास्टिक सर्जन हे नेहमी करतात.

मनगटाला किंवा कोपराला खोल जखम झाली तर टाके पडण्याआधीच तपासून घ्या : करंगळीच्या आणि तर्जनीच्या टोकाला कापसाचा स्पर्श कळतो का, बोटं फाकतात का, अंगठा करंगळीला टेकतो का, मनगट वर उचलतं का. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर ते डॉक्टरांना तिथेच सांगा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या.

मज्जातंतू जोडल्यावरही महिनोन्‌महिने बोटं आखडू नयेत म्हणून व्यायाम करावा लागतो. आणि हात बधिर आहे तोवर तव्यावरची भाकरी दुसऱ्या हाताने उलटावी, कारण चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो.