वंशावळीत आजी कुठे आहे?

घराण्याची वंशावळ काढायला बसले की वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावे कागदावर उतरत जातात. चार-पाच पिढ्यांचे पुरुष झाले की काम संपल्यासारखे वाटते. या प्रत्येक पुरुषाला जन्म देणारी, त्याच्याशी संसार केलेली आणि त्याच्या घरातून लग्न होऊन गेलेली बाई मात्र त्या कागदावर नसते. पणजीचे माहेर कुठले, असे विचारले तर बहुतेक घरांत सगळे एकमेकांकडे पाहू लागतात.

कुळाचा शोध सुरू करायचा तर तो इथूनच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पुरुषांची नावे सरकारी दप्तरांत आहेत. ती दहा वर्षांनीही सापडू शकतील. बायकांची पुष्कळ नावे आज फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत उरली आहेत.

म्हणून आधी आजी, आत्या, मावशी, थोरली काकू यांच्याजवळ बसावे. ‘घराण्याचा इतिहास सांग’ असे म्हटले तर बोलणे पुढे सरकत नाही. लग्नाआधी तुझे नाव काय होते? तुझ्या आईचे माहेर कोणत्या गावचे? पहिल्या बाळंतपणाला कुठे गेली होतीस? कुलदैवत कोणते, लग्नात देवक कशाचे? असे नेमके विचारावे. लग्नाआधीचे नाव फार मोलाचे, कारण आपल्याकडे अनेक घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलत. शाळेच्या रजिस्टरातली मुलगी आणि सासरच्या सातबाऱ्यावरची बाई एकच, हे सांगणारा दुसरा कागद सहसा नसतो. तारखा आठवत नसतील तर घटना विचाराव्यात. १९६१चा पानशेतचा पूर, १९६७चा कोयनेचा भूकंप, १९७२चा दुष्काळ. त्या वेळी कोणते मूल रांगत होते, कोण पोटात होते, हे आईला बरोबर आठवते. सांगणारीचे नाव आणि दिवस टिपणावर घालावा.

मग कागदांकडे वळावे. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मगाव, जात आणि जन्मतारीख मिळते. पण तारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी प्रवेशासाठी घातलेली असते. गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ नंतर हे नाव घरोघरी पोचले. त्यात अनेकदा बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच सापडते.

बायका सापडतात त्या फेरफारात, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीत. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने जमिनीची हक्कनोंदणी सुरू झाली. खातेदार मेला की वारसाचा फेरफार होतो आणि त्यात कुटुंब उलगडते. जुन्या फेरफारात लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असे दिसले तर थांबावे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्या तीन अक्षरांवरून कळते, की बाप गेला तेव्हा मुलगा अज्ञान होता, विधवा हयात होती आणि जमिनीचा कारभार तिच्या नावाने चालला. त्याच ओळीत तिचे नावही मिळते. १९५६चा हिंदू वारसा कायदा आल्यावर लेकीही वारस म्हणून दिसू लागतात आणि पाठोपाठ त्यांची हक्कसोडपत्रेही. बहिणीने हक्क सोडल्याच्या नोंदीत तिचे सासरचे नाव आणि गाव असते. तिथून दुसऱ्या घराण्याची वाट उघडते. असे जुने अभिलेख तहसील कार्यालयात मागता येतात, काही जिल्ह्यांचे ऑनलाइनही पाहता येतात.

दुसरे मोठे दप्तर तीर्थक्षेत्रांतले. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथले तीर्थोपाध्याय मूळ गाव आणि आडनाव विचारून वही उघडतात. यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ आणि सही पाहायला मिळते. श्राद्धात आई, आजी, पणजी आणि आईच्या वडिलांकडच्या पिढ्यांचा उच्चार लागतो, त्यामुळे सरकारी कागदांनी वगळलेल्या बायका इथे सापडण्याची आशा असते. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी लोक पिढ्यान्पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळत आले. ते दारी आले तर त्यांच्याकडून वाचून घ्यावे आणि त्यांच्या विद्येचा मान ठेवावा.

शंभर वर्षांपलीकडे गेले की बहुतेक कागद मोडी लिपीत असतात. आधी आडवी रेघ, मग तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरे, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. तरी सरावाने मोडी येते. राज्याचे पुराभिलेख संचालनालय तिचे वर्गही घेते. या कागदांवरचे सन जुन्या कालगणनांचे असतात: शकात ७८, फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन हाती येतो. वर्ष संपत येतानाच्या, जानेवारीपासूनच्या महिन्यांना आणखी एक. घराण्याकडे वतन किंवा इनाम असेल तर पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दप्तर पाहावे.

समुद्रापलीकडे नोंदीची तऱ्हा निराळी होती. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्यांत पूर्वज शोधतात. तिथे उतरलेल्या बाईलाही स्वतःचा क्रमांक मिळत असे. मळ्यावर राबवण्यासाठी ठेवलेला तो हिशेब आज तिच्या पणतवंडांना तिचे नाव परत देतो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. पुढच्या पिढ्यांची सोय झाली. मागच्यांची आपल्यालाच करायची आहे. भाऊबिजेला बहिणी, आत्या घरी येतील तेव्हा वही काढून ठेवा. वंशावळीत प्रत्येक पुरुषाशेजारी दोन रकाने आखा, त्याच्या आईचा आणि बायकोचा, आणि प्रत्येकीपुढे तिचे माहेर लिहा. ज्या रकान्याचे उत्तर एकाच माणसाला ठाऊक आहे, त्या माणसाला सर्वांत आधी भेटा.