सामुराई सिनेमा बघायचाय? आधी कोणता, नंतर कोणता

सामुराई म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. कमरेला दोन तलवारी, डोक्यावर केसांची गाठ, चेहऱ्यावरची रेषही न हलणारा माणूस आणि क्षणात खाली पडलेला शत्रू. २०२४ मध्ये ‘शोगुन’ या मालिकेने १८ एमी पुरस्कार मिळवले आणि हे चित्र पुन्हा घराघरांत पोचलं. अशी एखादी मालिका बघून झाली की जुने जपानी सिनेमे शोधायची हुक्की येते. घोळ होतो तो तिथेच. यादीत शेकडो नावं असतात, त्यातलं हाताला लागेल ते लावलं जातं. दोन तास नुसता रक्ताचा सडा बघून माणूस म्हणतो, ‘हे आपल्याला जमायचं नाही.’

खरं तर चांगल्या सामुराई सिनेमात तलवार फार कमी वेळ म्यानाबाहेर असते. बाकीचा वेळ जातो तो पोटाच्या, नोकरीच्या आणि इमानाच्या प्रश्नांत. मालक चुकीचा हुकूम देतो तेव्हा चाकराने काय करायचं? मानासाठी मरायचं की घरातल्या आजारी पोरासाठी मान गिळायचा? हे प्रश्न समजायला जपानी यावं लागत नाही. म्हणूनच पहिला सिनेमा नीट निवडणं महत्त्वाचं.

आधी काळ ओळखा

सिनेमा कोणत्या काळात घडतो एवढं कळलं तरी त्यात काय बघायला मिळणार याचा निम्मा अंदाज येतो. ढोबळ मानाने तीन काळ लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला काळ यादवीचा, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून साधारण १६०० पर्यंतचा. सरदार एकमेकांशी लढतायत, गावं लुटली जातायत. इथे मोठ्या लढाया, घोडेस्वार, किल्ले दिसतात.

दुसरा काळ तोकुगावा घराण्याच्या शांततेचा, १६०३ ते १८६८. लढाया थांबल्या आणि लढणाऱ्यांचं कामच गेलं. एखाद्या सरदाराची जहागीर खालसा झाली की त्याचे सगळे सामुराई एका दिवसात बेकार. अशा बिनधन्याच्या सामुराईला रोनिन म्हणतात. उत्तम सामुराई सिनेमांपैकी बरेचसे याच काळातले आहेत, कारण हातात कसब असून पोटाला काम नाही, ही गोष्ट सांगायला हा काळ सोयीचा.

तिसरा काळ शेवटाचा. १८५३ मध्ये अमेरिकन युद्धनौका आल्या, मागोमाग नव्या बंदुका आल्या. १८६८ ला शोगुनची सत्ता गेली आणि १८७६ मध्ये सामान्य सामुराईला तलवार बाळगायलाही बंदी झाली. या सिनेमांत मावळतीचा सूर असतो.

आणखी दोन शब्द कानावर पडतील. ‘जिदाईगेकी’ म्हणजे ऐतिहासिक काळातला कोणताही सिनेमा किंवा नाटक. ‘चांबारा’ म्हणजे त्यातला तलवारबाजीवर चालणारा प्रकार. चांबारा मनोरंजनासाठी असतो, त्यात वावगं काही नाही. फक्त आपण काय लावतोय हे माहीत असावं.

पहिला सिनेमा कोणता?

हातात वेळ असेल तर अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४). लांबी २०७ मिनिटं, मध्ये मध्यंतर आहे. एका गावावर दरवर्षी पीक हाताशी आलं की दरोडेखोर येतात. गावकरी ठरवतात की सामुराई भाड्याने आणायचे. पण द्यायला पैसा नाही, फक्त भात आहे. पाहुण्यांना भात वाढायचा म्हणून शेतकरी स्वतः भरड धान्यावर भागवतात. सगळा सिनेमा या भाताच्या वाडग्याभोवती फिरतो.

सुरुवातीचा एक प्रसंग नीट बघावा. एका लहान मुलाला ओलीस धरलेलं असतं. म्हातारपणाकडे झुकलेला एक सामुराई भिक्षूचं सोंग घेण्यासाठी डोक्यावरची गाठ कापून मुंडण करून घेतो. ती गाठ म्हणजे सामुराईची इभ्रत. परक्याच्या पोरासाठी ती इभ्रत उतरवणारा हा माणूस आपला पुढारी, हे गावकऱ्यांना तिथेच कळतं आणि प्रेक्षकालाही. तोशिरो मिफुने यांनी रंगवलेला सातवा गडी तर जन्माने सामुराईच नाही. शेतकरी लबाड असतात हे तो कबूल करतो, पण त्यांना तसं केलं कुणी, हेही सामुराईंना तोंडावर विचारतो.

हॉलिवूडने १९६० मध्ये यावरून ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ काढला. कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत चित्रित झालेल्या ‘शोले’वरही (१९७५) त्याची छाया स्पष्ट दिसते. गावाने लढवय्ये भाड्याने आणायची कल्पना आपल्या प्रेक्षकाला अनोळखी वाटत नाही ती यामुळे.

साडेतीन तास जमणार नसतील तर कुरोसावा यांचाच ‘योजिंबो’ (१९६१) घ्यावा. पावणेदोन तासांच्या आसपास संपतो. एका गावात दोन टोळ्या, मध्ये अडकलेली साधी माणसं आणि दोन्हीकडून पैसे घेऊन दोघांनाही नाचवणारा एक रोनिन. विनोद आहे, वेग आहे. इटलीत १९६४ मध्ये यावरूनच, परवानगी न घेता, ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ निघाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि जपानी निर्मात्यांना भरपाई मिळाली. ‘योजिंबो’ आवडला तर त्याच नायकाचा ‘सांजुरो’ (१९६२) लगेच बघता येतो.

चुकवू नये असा एक

दुसरा किंवा तिसरा सिनेमा मात्र मासाकी कोबायाशी यांचा ‘हाराकिरी’ (१९६२) असावा. साल १६३०. एका बड्या सरदाराच्या वाड्यावर मध्यमवयीन रोनिन येतो आणि विनंती करतो, ‘मला तुमच्या अंगणात सन्मानाने पोट चिरून मरू द्या.’ त्या दिवसांत असे बेकार सामुराई दारोदार जात. कुणी दया येऊन चार पैसे देईल किंवा चाकरीला ठेवील अशी आशा असे. वाड्याचा कारभारी त्याला आधी येऊन गेलेल्या एका तरुणाची हकिगत सांगतो. त्या तरुणाने घर चालवण्यासाठी तलवारीची पाती विकली होती, म्यानात नुसता बांबू होता. वाड्याने त्याला त्याच बांबूच्या पात्यावर मरायला लावलं.

यापुढचं इथे सांगण्यात अर्थ नाही. रोनिन बोलत जातो तसा वाड्याचा मोठेपणा उलगडत जातो. दिवाणखान्यात पूर्वजांचं चिलखत मांडलेलं आहे, त्याच्यापुढे सगळे माना झुकवतात आणि आत ते रिकामं आहे. बडा घर पोकळ वासा, ही म्हण पडद्यावर यापेक्षा नेमकी क्वचितच दिसेल. तात्सुया नाकादाई यांचं काम यात बहुतांश एका जागी बसून आहे, तरी नजर हलत नाही. १९६३ मध्ये कान महोत्सवात त्याला ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळाला.

हे सिनेमे इतके बोचरे का?

यामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी लष्करी राजवटीने सामुराईच्या निष्ठेचा पुरेपूर वापर करून घेतला. मालकासाठी मरणं हेच पुण्य, असं तरुणांच्या मनावर बिंबवलं गेलं. १७०३ मध्ये धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या ४७ रोनिनांची कथा जपानमध्ये घरोघरी माहीत. केन्जी मिझोगुची यांना ती १९४१-४२ मध्ये युद्धकाळाच्या दबावाखाली दोन भागांत करावी लागली. १९४५ ला जपान हरला आणि अमेरिकी प्रशासनाने अशा निष्ठेच्या आणि सूडाच्या कथांवर निर्बंध आणले. कुरोसावा यांचा १९४५ मध्ये तयार झालेला एक सामुराई सिनेमा १९५२ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही.

कोबायाशी स्वतः सक्तीने सैन्यात गेले होते. सैन्यात राहूनही त्यांनी बढती नाकारली आणि साधे शिपाईच राहिले. अशा माणसाने ‘हाराकिरी’त इमानाच्या नावावर चालणारा ढोंगीपणा उघडा केला, यात नवल नाही. म्हणून चांगला सामुराई सिनेमा ओळखायची एक साधी खूण सांगता येते. तो फक्त ‘मालकासाठी मेला, धन्य झाला’ एवढ्यावर थांबतो का? की त्या मरणाचा फायदा कुणाला झाला, हेही विचारतो? दुसऱ्या जातीचे सिनेमे जास्त टिकले.

आवडीप्रमाणे पुढचा टप्पा

घरगुती, शांत गोष्ट हवी असेल तर योजी यामादा यांचा ‘द ट्वायलाइट सामुराई’ (२००२). नायक कोठारात हिशेब लिहिणारा कारकून. बायको क्षयाने गेलेली, दोन लहान मुली, विसरभोळी झालेली आई. काम संपलं की सहकाऱ्यांबरोबर न थांबता तो थेट घरी जातो. त्याचा पगार ५० कोकू. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा, साधारण १५० किलो तांदूळ. सामुराईचा दर्जाच तांदळात मोजला जाई, हे लक्षात ठेवलं की अनेक सिनेमांतले टोमणे कळतात.

भव्य लढाया आणि रंग हवे असतील तर कुरोसावा यांचा ‘रान’ (१९८५). शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची जपानी मांडणी. ‘मॅकबेथ’वरचा ‘थ्रोन ऑफ ब्लड’ (१९५७) हा त्याचा कृष्णधवल भाऊ.

मुलांबरोबर बघायचा असेल तर ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८). दोन लोभी, भांडकुदळ शेतकऱ्यांच्या नजरेतून सांगितलेली राजकन्येच्या सुटकेची गोष्ट. ‘स्टार वॉर्स’वर त्याचा प्रभाव असल्याचं जॉर्ज लुकास यांनी मान्य केलं आहे.

नुसती मारामारी हवी असेल तर ताकाशी मीके यांचा ‘थर्टीन असासिन्स’ (२०१०). पहिला भाग आखणीचा, शेवटचा मोठा भाग सलग लढाईचा. लहान मुलांसाठी अजिबात नाही. आंधळ्या तलवारबाजाची ‘झातोइची’ मालिका हलकीफुलकी. १९६२ पासून शिंतारो कात्सु यांनी २६ सिनेमांत ही भूमिका केली. सुरुवात पहिल्यापासूनच करावी.

सुरुवातीलाच टाळावा असा एक चांगला सिनेमा म्हणजे ‘द स्वॉर्ड ऑफ डूम’ (१९६६). पुढचे भाग काढायचे ठरलं होतं, ते निघालेच नाहीत. त्यामुळे शेवट मध्येच तुटल्यासारखा होतो. नवखा माणूस गोंधळतो.

लावण्याआधी चार गोष्टी

साल बघावं. ‘हाराकिरी’ १९६२ चा आणि त्याच कथेवरचा २०११ चा वेगळा. ‘थर्टीन असासिन्स’चाही मूळ सिनेमा १९६३ चा आहे.

लांबी बघावी. ‘सेव्हन सामुराई’च्या कापलेल्या आवृत्त्याही निघाल्या होत्या. २०७ मिनिटांपेक्षा बरीच कमी लांबी दिसली तर ती सोडून द्यावी.

भाषा मूळ जपानी ठेवावी, खाली सबटायटल्स. घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. बोलण्याचा सूर बदलला की माणूसच बदलतो. मिफुने यांचं गुरकावणं डबिंगमध्ये उरत नाही.

लेखकाचं नाव बघावं. शिनोबु हाशिमोतो हे नाव दिसलं की सिनेमा बिनधास्त लावावा. ‘सेव्हन सामुराई’च्या लेखनात ते होते, ‘हाराकिरी’ त्यांनीच लिहिला आणि कोबायाशी-मिफुने जोडीचा ‘सामुराई रिबेलियन’ही (१९६७). त्यात सरदार आपली नकोशी झालेली बाई एका कुटुंबाच्या गळ्यात सून म्हणून बांधतो आणि घर तिला जीव लावतं तेव्हा परत मागतो.

एवढं सगळं लक्षात ठेवायचं नसेल तर चार रविवारांचा क्रम पुरे: ‘योजिंबो’, ‘सेव्हन सामुराई’, ‘हाराकिरी’, ‘द ट्वायलाइट सामुराई’. चौथ्या रविवारी कोठारातला कारकून दिवेलागणीला घरी जाताना दिसला की पहिल्या रविवारच्या तलवारींकडे बघायची नजर बदललेली असेल.