घुबड : उसाच्या फडाचा राखणदार

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी, नेवासे भागातील दाट उसात उंदीर व घुशी बिळे करून कांड्या कुरतडतात. गव्हाणी घुबड हा त्यांचा नैसर्गिक शत्रू. ते अंधारात नुसत्या आवाजावरून भक्ष्य पकडते. त्याच्या बसण्याच्या जागेखाली पडलेले, त्याने ओकून टाकलेले गोळे फोडून पाहा. आत उंदरांची हाडे व केस सापडतील. अशुभ समजून त्याला हुसकावू नका.

ब्रोमॅडिओलोनचे आमिष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस फिरतो. तो खाऊन घुबडही दगावू शकते. म्हणून संध्याकाळी बिळे बुजवा. सकाळी उकरलेल्या बिळांतच आमिष टाका. मेलेले उंदीर रोज खोल पुरा. बांधावरील ढोलीची झाडे राखा, पक्षीथांबे उभारा.