छपरावरची तार

जुलै उजाडला की आमच्या कोल्हापुरात खुशाली विचारायची रीत बदलते. 'काय, बरं हाय न्हवं?' याच्या जागी 'पाणी किती फुटांवर?' येतं. हे फूट राजाराम बंधाऱ्यावरचे. तिथं ३९ फूट झाले की इशारा आणि ४३ झाले की धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुनी माणसं फुटांच्या फंदात पडत नाहीत. शिवाजी पुलाकडून आलेल्याला ती 'मच्छिंद्री झाली काय?' एवढंच विचारतात. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, ही बातमी तर घरोघर फिरते. सांगायचं म्हणजे, पुराच्या बाबतीत आम्ही अडाणी नाही. २००५ चा पूर आम्ही अंगावर घेतला होता.

तरी २०१९ च्या ऑगस्टनं सगळ्यांचे अंदाज चुकवले. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि कित्येक दिवस बंद राहिला. चहूकडे पाणी, पण शहरातल्या नळाला थेंब नाही, कारण पाणी उपसणारी केंद्रंच पाण्याखाली. वीज गेली. आणि मग फोन गेले.

माझी धाकटी बहीण शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या गावात दिली आहे. पाणी अंगणात आलं तेव्हा तिचा फोन आला होता. 'दादा, आम्ही माडीवर चाललोय, म्हशी सोडून दिल्यात,' एवढं बोलली आणि त्यानंतर फोन लागेना. तीन दिवस मी तोच नंबर फिरवत होतो आणि पलीकडून तीच बाई, त्याच गोड आवाजात, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणत होती. चौथ्या दिवशी बहीणच कुणाच्या तरी फोनवरून बोलली. नावेतून बाहेर काढलं होतं, सगळे धड होते. पण त्या तीन दिवसांत माझ्या म्हाताऱ्या आईनं अन्नाला हात लावला नाही. पुराचं पाणी घरात न शिरताही घर कसं बुडतं, ते मी तेव्हा पाहिलं.

फोन का गेले? आपल्याला वाटतं, मोबाईल म्हणजे बिनतारी, त्याला काय होणार? प्रत्यक्षात त्याचा बिनतारीपणा आपल्या हातापासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतच. मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी उतरली की जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेलच्या टँकरला रस्ता. मनोऱ्यापासून पुढचा प्रवास बहुतेक ठिकाणी जमिनीतल्या केबलमधून होतो आणि ती केबल रस्त्याच्या कडेनं, पुलावरून जाते. यातली एक कडी तुटली की संपलं. शिवाय सगळे एकदम फोन करू लागले की धडधाकट मनोराही गुदमरतो.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून त्यांना नुसतं सर म्हणतो. त्यांच्या गच्चीवरून समोरच्या नारळापर्यंत एक लांब तार गेलेली आहे. वर्षानुवर्षं मी ती कपडे वाळत घालायची समजत होतो, फक्त तिच्यावर कपडे कधी दिसायचे नाहीत. ती अँटेना होती. सर 'हॅम' आहेत, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ चालक. पूर ओसरल्यावर एकदा ते मला वर घेऊन गेले. टेबलावर जाड पुस्तकाएवढा एक संच, खाली मोटारीची बॅटरी. त्यांनी माईक उचलून 'सीक्यू, सीक्यू' अशी साद घातली. कुणीही ऐकत असेल त्यानं बोलावं, असा तिचा अर्थ. मिनिटाभरात एका गृहस्थानं ओ दिली. त्यांच्याकडे ऊन होतं, आमच्याकडे पाऊस. गुडघेदुखी दोन्हीकडे होती. दहा मिनिटं हेच. शेवटी दोघे एकमेकांना '७३' म्हणाले. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला हा आकडा शुभेच्छांचा.

मी बँकेतला माणूस. म्हटलं, सर, हवापाण्याच्या गप्पांसाठी एवढा खटाटोप? ते हसले आणि म्हणाले, साहेब, नियमच तसा होता.

खरंच होता. हौशी रेडिओबाबतच्या जुन्या आंतरराष्ट्रीय नियमांत म्हटलेलं असे की, सार्वजनिक तारखात्याकडे जाण्याइतकं ज्या बोलण्याला महत्त्व नाही, असंच या लोकांनी बोलावं! तांत्रिक प्रयोग आणि किरकोळ वैयक्तिक शेरे, बस्स. धंद्याचं बोलायचं नाही, पैसे कमवायचे नाहीत. बिनमहत्त्वाच्या बोलण्याला कायद्यानं राखीव जागा दिल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. आमच्या रंकाळ्यावरच्या बाकांनाही ती नाही. पण या फुकाच्या गप्पांमधून एक गोष्ट होते. संच रोज चालू राहतो. बॅटरी भरलेली राहते. तार तुटली तर त्याच दिवशी कळतं. आणि खरखरीतून शब्द वेचायची कानाला सवय राहते. सरकारी कपाटात कुलपात ठेवलेलं यंत्र पाच वर्षांनी काढलं, तर ते चालेल का आणि चालवणारा कुठं बदलून गेला असेल, हे सांगायला मी सरकारी बँकेत इतकी वर्षं काढली आहेत. हौसेला मात्र बदलीही नाही आणि निवृत्तीही नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला अंदमानचा. तिथं हौशी रेडिओला कित्येक वर्षं परवानगी नव्हती, त्यामुळं जगभरच्या हॅम लोकांना त्या बेटांशी बोलण्याचं अप्रूप. दुर्मीळ तिकिटाचं असतं तसं. २००४ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेतर्फे भारती प्रसाद यांची तुकडी पोर्ट ब्लेअरला गेली. 'व्ही यू फोर आर बी आय' ही त्यांची हाकेची खूण. निव्वळ छंद होता तो. देशोदेशीचे लोक त्यांच्याशी क्षणभर बोलून वहीत एक नोंद करत होते. २६ डिसेंबरला सकाळी जमीन हादरली, त्सुनामी आली, दूरध्वनी कोसळले. ही मंडळी संचासकट तिथंच होती. छंदाचं केंद्र तासाभरात संकटाचं केंद्र झालं. बेटांवरची खुशाली, काय हवं, कोण सापडलं, असे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले, आणि पुढं कार निकोबारलाही संच पोचला. आदल्या दिवशीपर्यंत नोंदीसाठी झुंबड करणारे लोक आता वाट मोकळी ठेवून नुसते ऐकत राहिले.

आपल्याकडे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. मातीच्या जाड भिंती आणि दगड त्यांच्यावर आले. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हा खेड्यात मोबाईल नव्हतेच. हौशी रेडिओवाले आपापले संच घेऊन त्या भागात गेले आणि निरोप पोचवू लागले. २००१ च्या २६ जानेवारीला भूज हादरलं तेव्हाही तेच झालं.

या कामात निरोपाची शिस्त मोठी. पलीकडच्यानं निरोप लिहून घ्यायचा, क्रमांक आणि वेळ टाकायची आणि पुन्हा वाचून दाखवायचा. 'पंधरा' की 'पन्नास' याचा घोळ होऊ नये म्हणून आकडे सुटे उच्चारायचे. एका वेळी एकानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं, आणि कुणी कधी बोलायचं हे एका केंद्रानं ठरवायचं. हे ऐकताना मला बँकेतल्या टी.टी. आठवल्या. तारेनं पैसे पाठवायचे तेव्हा मजकूर सांकेतिक असायचा आणि सोबत एक पडताळ्याचा आकडा. तो जुळला नाही तर एक रुपया द्यायचा नाही, समोर खुद्द चेअरमन उभा असला तरी! २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवाच बंद झाली. पुरात मोबाईलवर 'धरण फुटलं' असल्या अफवा क्षणात गावभर होतात, त्या बघितल्या की पडताळ्याचा आकडा हवा होता असं वाटतं.

आता आमच्या जिल्ह्याचं भूगोल-प्रकरण. हातातला छोटा संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. शिरोळच्या सपाटीवर, गच्चीवरून गच्चीवर, त्या उत्तम. पण गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूला मध्ये डोंगर आला की आवाज संपला. तिथं उपयोगी पडते ती ७ मेगाहर्ट्झची लहर. तिला साधारण ६५ फूट लांब तार लागते. ती तार मुद्दाम फार उंच न बांधता ठेवली, तर लहरी जवळजवळ सरळ आकाशात जातात, वरच्या विद्युतभारित थरावर आपटतात आणि कारंज्याच्या पाण्यासारख्या आसपासच्या शंभर-दोनशे किलोमीटरांत खाली येतात. डोंगराच्या पलीकडे आणि अलीकडेही. मध्ये ना मनोरा, ना केबल, ना डिझेल.

हॅम रेडिओ मोबाईलची जागा घेईल, असं मात्र कुणी समजू नये. तालुक्यातल्या हजारो लोकांना एकाच वेळी नातेवाइकांशी बोलता येणार नाही. एका वेळी एकच आवाज जातो. पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, उपग्रह फोन आहेत, बचाव पथकांकडे त्यांची साधनं आहेत. पण ही साधनं बाहेरून येणाऱ्यांच्या हातात असतात. वेढलेल्या गावात आधीपासून जो माणूस आहे, त्याच्याकडे काय आहे, हा प्रश्न राहतो. 'माडीवर चाळीस माणसं, एक बाळंतीण, नाव पाठवा' एवढं एक वाक्य वेळेवर बाहेर गेलं तरी पुष्कळ. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नाशीच्या पुढं गेलं, म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांतून एकदा विचारायचा राहिलेला नाही.

परवाना मात्र हवाच. बाजारात स्वस्तात मिळतात म्हणून संच घेऊन परवान्याशिवाय त्यावर बोलणं हा गुन्हा आहे. सरकारचा हा धाक जुना. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी हौशी परवाने बंद करून संच जमा करायला लावले. त्यातल्याच एका हौशी माणसाच्या, नरिमन प्रिंटर यांच्या, कारागिरीतून १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र बोलू लागलं. सरकार घाबरलं ते उगीच नाही.

आज वयाची १२ वर्षं पुरी झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. थोडं विजेचं शास्त्र, थोडे नियम. वरच्या श्रेणीला मोर्सही येते. पोलीस पडताळणी होते. राजीव गांधींनीही रीतसर परवाना घेतला होता. 'व्ही यू टू आर जी' ही त्यांची खूण. महागडा विलायती संचच हवा असंही नाही. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचा घरी जोडता येणारा संच रचला, त्यातल्या वेटोळ्यांसाठी त्यांनी नळाचे वॉशर वापरले होते.

सरांकडे सध्या दर रविवारी सकाळी तीन मुलं शिकायला येतात. त्यातली एक नववीतली मुलगी गगनबावड्याकडची, इथं मामाकडे राहते. तिच्या गावच्या घरामागं लगेच डोंगर चढतो. परवा सरांनी तिला वहीत घराचा नकाशा काढायला लावला आणि परसातल्या दोन फणसांमधलं अंतर विचारलं. ती म्हणाली, 'मोजलं नाही सर, पण दोरी टाकली की आईचे सहा लुगडे वाळतात.' सरांनी कागदावर हिशेब केला. तार पुरते.