वाफसा न येणारं रान

सुट्टीत सेनगावला गेलो की एक प्रश्न ठरलेला: "पीएचडी कशाची चाललीय?" यंदा मामांना सांगितलं, सदाहरित जंगलात बारमाही चिखलात उभ्या असणाऱ्या झाडांची. मामा म्हणाले, "आमचं सोयाबीन चार दिवस पाण्यात राहिलं की पिवळं पडतंय. तुझी झाडं सडत कशी न्हाईत रे?"

माझ्या विषयाचा गाभाच त्यांनी विचारला, म्हणून आज तेवढंच लिहितो.

पावसानंतर काळ्या रानात आपण वाफसा येण्याची वाट बघतो. वाफसा म्हणजे मातीच्या फटींत पाणीही आहे आणि हवाही. मुळांनाही श्वास लागतो. फटी पाण्यानं गच्च भरल्या की प्राणवायू आत पोचत नाही. हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १०,००० पट हळू पसरतो. जो थोडा उरतो तो सूक्ष्मजीव संपवतात. मुळं गुदमरतात, सोयाबीनच्या नत्राच्या गाठी काम थांबवतात अन् पानं पिवळी पडतात.

आता सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेला चला. तिथल्या देवराईत झऱ्याच्या पाण्यानं जमीन दलदलीची राहते. वाफसा येतच नाही म्हणा ना! तरीही मायरिस्टिका मॅग्निफिका, म्हणजे जायफळाच्या कुळातलं जंगली झाड, तिथं उंच वाढतं. त्याची मुळं चिखलातून वर येतात, गुडघा दुमडावा तशी वळतात आणि पुन्हा खाली जातात. उघड्या गुडघ्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा शिरते आणि खालच्या बुडालेल्या मुळांपर्यंत पोचते.

श्वासाचा प्रश्न झाडानं सोडवला. बियांचा मात्र अवघड आहे. सोयाबीनचं बियाणं आपण वाळवून पुढच्या हंगामापर्यंत ठेवतो. हे बी वाळलं की मरतं. म्हणजे पोत्यात नाही, बियाणं-बँकेतही नाही. ते फक्त ओल्या सावलीत, लगेच रुजतं. बी मोठं आणि जड, त्यामुळे लांब न्यायला धनेशासारखा मोठा पक्षीच हवा. म्हणून "इथली तोडा, दुसरीकडे लावू" हा हिशेब मला पटत नाही. आणि कुऱ्हाड लावायचीही गरज नाही. वरच्या अंगाला झऱ्याचं पाणी पाइप टाकून वळवलं, तर मोठी झाडं कदाचित काही वर्षं हिरवी दिसतील, पण खाली रोपटी उगवणार नाहीत.

ही जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांनाही थोडं कमी. (वाटण्या होण्याआधी मामांचं रान याहून मोठं होतं.) मामांनी लगेच पुढचं विचारलं, "झऱ्याला पाणी जिथून येतं, ते धरलंय का त्यात?"

झऱ्याला पाणी पुरवणारा उतार मोजायचा झाला, तर तो साडेसहा एकरांत मावणारा नाही.